तान्हे मूल आणि संगीत

बाळ रडू लागले की त्याला उचलून घेणारी व्यक्ती थोड्याच वेळात गुणगुणू लागते. ती आई असेल, आजी असेल, धाकट्या भावंडाला सांभाळणारी आठ-दहा वर्षांची बहीण असेल, किंवा एरवी कधीही न गाणारा बाप असेल. शब्द सुचले नाहीत तर नुसता ‘जो जो’ किंवा ‘हं हं’ असा ध्वनी तोंडातून निघतो आणि अंग आपोआप डोलू लागते. या गाण्याला मराठीत अंगाई म्हणतात, हिंदीत लोरी, गुजरातीत हालरडुं, बंगालीत घुमपाडानी गान, कन्नडमध्ये जोगुळ, तेलुगूत जोलपाट आणि मलयाळममध्ये ताराट्टु. तमिळमधील ‘तालाट्टु’ या शब्दाची फोड ‘जीभ हलवणे’ अशी केली जाते. अंगाई गाणारी स्त्री जीभ हलवून जो ध्वनी काढते, त्यावरून गाण्याला हे नाव पडले. ‘जो जो’ हे पालुपद तर मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांच्या सीमा ओलांडून गेले आहे. राजवाड्यातही याच गाण्याची गरज भासते. पुढे थोर वाग्गेयकार म्हणून कीर्ती पावलेले त्रावणकोरचे स्वाती तिरुनाळ १८१३ साली जन्मले, तेव्हा त्यांच्यासाठी इरयिम्मन तंपी यांनी रचलेले ताराट्टु केरळातील सामान्य घरांमध्ये आजही गायिले जाते.

जी गोष्ट इतकी सार्वत्रिक आहे, तिचा मुलाला नेमका काय उपयोग होतो? हा प्रश्न फार काळ कोणी गंभीरपणे विचारलाच नव्हता. अंगाई म्हणजे बायकांनी मूल निजवण्याची एक युक्ती, एवढ्यावरच विद्वानांची जिज्ञासा थांबत असे. गेल्या चार-पाच दशकांत मात्र मानसशास्त्रज्ञांनी, मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनी आणि बालरोगतज्ज्ञांनी या विषयाकडे लक्ष वळवले. त्यांच्या हाती जे आले ते मोलाचे आहे. दुर्दैवाने त्याच काळात बाजारानेही याच विषयात लक्ष घातले, आणि ‘संगीत ऐकवा, मूल बुद्धिमान करा’ अशी घोषणा घरोघर पोहोचली. शास्त्रज्ञांनी दाखवून दिलेले आणि बाजाराने सांगितलेले, या दोहोंत बरेच अंतर आहे.

जन्मापूर्वीचे श्रवण

सुभद्रेच्या उदरात असताना अभिमन्यूने चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ऐकली, ही महाभारतातील कथा भारतीय वाचकाला नव्याने सांगावयास नको. चक्रव्यूहाचे ज्ञान गर्भाला होईल, असे आजचा शरीरशास्त्रज्ञ म्हणणार नाही. पण गर्भाला ऐकू येते, एवढ्यापुरती ती कथा त्याला मान्य होईल. कानाच्या आतील शंखाकृती अवयव गर्भारपणाच्या साधारण पंचविसाव्या आठवड्याच्या सुमारास काम करू लागतो. त्यानंतर जन्मापर्यंतचे सुमारे तीन महिने मूल ऐकतच असते.

ते काय ऐकते? आईच्या हृदयाचे ठोके, तिचा श्वास, आतड्यांची गुरगुर आणि या सर्वांच्या वर तिचा आवाज. बाहेरचे ध्वनी पोटाच्या भिंतीतून आणि गर्भजलातून जाताना बदलतात. उंच, तीक्ष्ण ध्वनी वाटेतच क्षीण होतात आणि खालचे, घुमारदार ध्वनी आत पोहोचतात. शेजारच्या खोलीत कोणी बोलत असावे आणि मधले दार बंद असावे, तसा काहीसा हा प्रकार असतो. अशा वेळी शब्द कळत नाहीत. पण बोलणारा रागावला आहे की लाडात आहे, प्रश्न विचारतो आहे की उत्तर देतो आहे, हे स्वराच्या चढउतारावरून ओळखता येते. गर्भाला भाषा मिळते ती अशी, व्यंजने पुसट झालेली आणि चाल व लय तेवढी शिल्लक राहिलेली. मुलाला भाषेची पहिली भेट एका अर्थी संगीताच्या रूपातच होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

अमेरिकेतील अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रात आता अभिजात मानला जातो. तीन दिवसांच्याही आतील बाळांच्या तोंडात त्यांनी एक चोखणी दिली. चोखण्याच्या मध्ये बाळ किती थांबते, यावर त्याच्या कानाशी आईचा आवाज येणार की दुसऱ्या स्त्रीचा, हे ठरत असे. बाळांनी आपल्या चोखण्याचा वेग अशा रीतीने बदलला की आईचा आवाज अधिक वेळ ऐकू यावा. उत्तर आयर्लंडमधील पीटर हेपर यांनी १९८८ मध्ये आणखी एक गमतीदार निरीक्षण नोंदवले. गरोदरपणी ज्या स्त्रिया दूरदर्शनवरील एक लोकप्रिय मालिका नेमाने पाहत असत, त्यांची नवजात बाळे त्या मालिकेच्या शीर्षकसंगीताचे सूर कानी पडताच शांत होऊन लक्ष देत. फ्रान्समधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत पियानोवरील एक छोटी सुरावट रोज ऐकवण्यात आली होती. जन्मानंतर सुमारे महिन्याने ती पुन्हा ऐकताना त्या बाळांच्या हृदयाची गती, ती सुरावट प्रथमच ऐकणाऱ्या बाळांपेक्षा, बरीच अधिक मंदावली. लक्ष देऊन ऐकण्याची ही खूण समजली जाते.

या प्रयोगांवरून गर्भवतीच्या पोटावर ध्वनिक्षेपक बांधण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. त्याला या प्रयोगांचा आधार नाही. मूल सूर ओळखते एवढेच त्यांतून दिसते. पोटावर ध्वनियंत्र ठेवल्याने ते अधिक हुशार निपजते, असे त्यांतून दिसत नाही. गर्भवतीने स्वतःशी गाणे म्हणावे, आवडते संगीत ऐकावे. त्यातले जे पोहोचावयाचे ते आत पोहोचतेच.

सूर ओळखणारे कान

जन्मलेल्या मुलाला बोलता येत नाही. मग त्याला संगीतातले काय कळते हे विचारावयाचे कसे? कॅनडातील टोरांटो विद्यापीठात सॅंड्रा ट्रेहब यांनी आपली कारकीर्द या एका प्रश्नाला वाहिली. त्यांची एक पद्धत अशी होती. आईच्या मांडीवर बसलेल्या बाळाला बाजूच्या ध्वनिक्षेपकातून एकच छोटी चाल पुन्हा पुन्हा ऐकवावयाची. मध्येच चाल बदलावयाची. बदल लक्षात येऊन बाळाने त्या बाजूला मान वळवली की तिथल्या पेटीत दिवा लागून खेळणे नाचू लागे. हे एकदा उमगले की बाळे मोठ्या उत्साहाने मान वळवतात, आणि त्यांना कोणता बदल जाणवतो व कोणता जाणवत नाही, याची नोंद करता येते.

या प्रयोगांतून दिसले ते असे की सहा ते दहा महिन्यांची मुले चालीची आकृती लक्षात ठेवतात. संपूर्ण चाल वरच्या किंवा खालच्या पट्टीत नेली तरी ती त्यांना तीच वाटते. पण चढत्या स्वराच्या जागी उतरता स्वर आला, तर त्यांना फरक तत्काळ कळतो. हे किती सोयीचे आहे, याचा विचार केला पाहिजे. आजी खालच्या पट्टीत गाते, मावशी वरच्या पट्टीत गाते आणि दोघींचे गाणे बाळाच्या लेखी एकच असते. संगीताचा विद्यार्थी पुढे मोठ्या कष्टाने जे शिकतो, त्याचा पाया असा पाळण्यातच घातलेला असतो.

आईचे गाणे मात्र पट्टीच्या बाबतीत आश्चर्यकारक इतके स्थिर असते. ट्रेहब आणि त्यांच्या सहकारी टोन्या बर्गेसन यांनी आयांचे गाणे आठवड्याच्या किंवा त्याहून अधिक अंतराने दोनदा ध्वनिमुद्रित केले, तेव्हा तेच गाणे जवळजवळ त्याच पट्टीत आणि त्याच लयीत गायिल्याचे आढळले. या स्त्रिया गायिका नव्हत्या. पुढ्यात बाळ असताना गायिलेले गाणे आणि बाळ नसताना गायिलेले तेच गाणे यांतील भेदही अनोळखी श्रोत्यांना केवळ ऐकून सांगता आला. बाळ समोर असले की स्वर किंचित चढतो, लय संथ होते आणि आवाजात एक प्रकारचे हसू येते. हे कोणी शिकवलेले नसते. आपला गळा चांगला नाही म्हणून मुलासाठी गाण्यास संकोचणाऱ्या आईबापांची संख्या थोडी नाही. त्यांनी हे प्रयोग ध्यानात घ्यावेत. श्रोता म्हणून बाळ सुरांच्या शुद्धतेची परीक्षा घेण्यास बसलेले नसते.

मांडीवरचा ठेका

सूर ओळखता येतो तशी लयही ओळखता येते, आणि तीही जन्मतःच. बुडापेस्ट येथे नवजात बाळांवर केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात झोपलेल्या बाळांच्या डोक्याला विद्युदग्रे लावून त्यांना तालवाद्यांचा एक ठेका ऐकवण्यात आला. ठेक्यातील एखादा किरकोळ ठोका गाळला तर मेंदूच्या लहरींत विशेष काही घडत नसे. परंतु आपल्याकडे जिला सम म्हणतात त्या जागेचा ठोका गाळला की, अपेक्षित गोष्ट घडली नाही असे दर्शवणारा प्रतिसाद उमटत असे. मूल झोपेत होते आणि समेची वाट पाहत होते!

याहूनही उद्बोधक प्रयोग कॅनडातील हॅमिल्टन येथील जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांचा आहे. तो २००५ साली प्रसिद्ध झाला. सात महिन्यांच्या बाळांना त्यांनी दोन मिनिटे असा ठेका ऐकवला की ज्यात कोणत्याच ठोक्यावर आघात नव्हता. तो दोन-दोनच्या गटांत मोजता येई, तसाच तीन-तीनच्याही. ऐकवताना काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला हातांवर झुलवले आणि काहींना दर तिसऱ्या ठोक्याला. त्यानंतर आघात स्पष्ट असलेले दोन्ही प्रकार बाळांना ऐकवले, तेव्हा प्रत्येक बाळाने आपण ज्या लयीत झुललो होतो तोच प्रकार अधिक वेळ ऐकणे पसंत केले. डोळ्यांवर पट्टी बांधूनही हाच परिणाम दिसला. मात्र बाळाला एका जागी बसवून, दुसरे कोणी झुलत असलेले नुसते दाखवले, तर काहीच परिणाम झाला नाही.

या प्रयोगाचा अर्थ असा की ठेका कानांना कळण्यासाठी शरीर हलावे लागते. मांडीवर उड्या मारवणे, पायांवर बसवून झोके देणे, पाठीवर थापटणे, पाळण्याची दोरी ओढणे या सर्व क्रिया गाण्याच्या सोबतीने घडतात, त्या उगाच नव्हेत. गाणे आणि हालचाल बाळाला एकत्रच मिळते, आणि तिथेच त्याला लय कळू लागते.

बाळाच्या कानांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यात भारतीय वाचकाला विशेष रस वाटेल. बाल्कन प्रदेशातील लोकनृत्यांत सात मात्रांचे विषम ठेके असतात. रूपक किंवा मिश्र चापू कानावरून गेलेल्या माणसाला त्यांचे नवल वाटणार नाही. पण उत्तर अमेरिकेतील बहुतेक प्रौढांना असा ठेका मध्येच चुकवला तरी ती चूक समजत नाही. एरिन हॅनन आणि सॅंड्रा ट्रेहब यांना २००५ मध्ये आढळले की त्याच अमेरिकन आणि कॅनडीय घरांतील सहा महिन्यांच्या मुलांना ती चूक समजते. बारा महिन्यांची होईपर्यंत मात्र त्यांचे कान प्रौढांसारखे होतात. बारा महिन्यांच्या मुलांना घरी दोन आठवडे असे संगीत रोज थोडा वेळ ऐकवले, तर गेलेली क्षमता परत येते. प्रौढांच्या बाबतीत तेवढ्याने काम भागले नाही.

भाषेच्या बाबतीतही असेच घडते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की इंग्रजी घरातील सहा-आठ महिन्यांच्या बाळाला हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ यांतील भेद ऐकू येतो, पण वर्षाच्या सुमारास तो ऐकू येईनासा होतो. मूल सर्व भाषांसाठी आणि सर्व तालांसाठी सज्ज होऊन येते. आणि पहिल्या वर्षात, भोवती जे ऐकू येते त्याच्याशी आपले कान जुळवून घेते. घरातील गाणे म्हणूनच महत्त्वाचे. सिअॅटल येथील क्रिस्टिना झाओ आणि पॅट्रिशिया कुल यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या मुलांना चार आठवड्यांत बारा वेळा, प्रत्येकी पंधरा मिनिटे, तीन मात्रांच्या संगीतावर पालकांसह खेळवण्यात आले. केवळ खेळण्यांशी खेळलेल्या मुलांशी तुलना करता या मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद संगीतातील लय बिघडली असता अधिक ठळक होता, आणि बोलण्यातील ध्वनींची लय बिघडली असतानाही अधिक ठळक होता. संगीताचा भाषेच्या तयारीशी संबंध असावा, ही कल्पना अशा पुराव्यावर उभी आहे. पुरावा चांगला आहे. परंतु प्रयोग लहान आहेत, आणि अशी मुले पुढे शाळेत पहिली येतात असे त्यांतून निघत नाही.

मोझार्टची कहाणी

१९९३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत फ्रान्सिस राउशर, गॉर्डन शॉ आणि कॅथरिन काय यांनी एक छोटा प्रयोग केला. महाविद्यालयात शिकणाऱ्या छत्तीस विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टची दोन पियानोंसाठी रचलेली एक कृती ऐकवण्यात आली. त्यानंतर त्यांना घड्या घातलेला कागद कापून उलगडला तर कसा दिसेल, अशा प्रकारची कोडी घालण्यात आली. स्वस्थ बसून राहिल्यानंतर किंवा शिथिल होण्याच्या सूचना ऐकल्यानंतर मिळालेल्या गुणांपेक्षा मोझार्ट ऐकल्यानंतरचे गुण अधिक भरले. बुद्ध्यंकाच्या भाषेत हा फरक आठ-नऊ गुणांचा होता. दहा-पंधरा मिनिटांत तो नाहीसाही झाला.

प्रयोग एवढाच होता. त्यात एकही मूल नव्हते. शिशू तर नव्हताच नव्हता. तरीही काही वर्षांत ‘मोझार्टने बाळाची बुद्धी वाढते’ हे वाक्य सिद्ध सत्य म्हणून सांगितले जाऊ लागले. १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे राज्यपाल झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी एक लाख पाच हजार डॉलरची तरतूद मागितली. त्याच वर्षी फ्लॉरिडा राज्याने सरकारी अनुदानावर चालणाऱ्या पाळणाघरांत रोज अभिजात संगीत वाजवण्याचा नियम केला. ध्वनिफिती, तबकड्या, पुढे चित्रफिती आणि वाजणारी खेळणी यांचा मोठा व्यापार उभा राहिला. भारतातही गर्भसंस्काराच्या नावाने संगीताच्या ध्वनिमुद्रिकांची विक्री होऊ लागली, तेव्हा बुद्धिवर्धनाचे हेच आश्वासन त्यांना चिकटले.

इकडे शास्त्रज्ञ तो मूळ प्रयोग पुन्हा करून पाहत होते. काहींना परिणाम दिसला, अनेकांना दिसला नाही. १९९९ साली ख्रिस्तोफर शाब्री यांनी तोवर झालेल्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा परिणाम नगण्य ठरला. २०१० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे चाळीस प्रयोग आणि तीन हजारांवर व्यक्ती विचारात घेऊन तोच निर्णय दिला. मोझार्टने आयुष्याची अखेरची दहा वर्षे ज्या नगरीत घालवली, तिथूनच हा निकाल यावा, यात थोडी गंमत आहे. मूळ प्रयोगात जे दिसले त्याचे साधे स्पष्टीकरण कॅनडातील क्रिस्टिन नँटे आणि ग्लेन शेलेनबर्ग यांनी १९९९ मध्येच देऊन ठेवले होते. त्यांनी काहींना मोझार्ट आणि काहींना ध्वनिमुद्रित गोष्ट ऐकवली. ज्यांना गोष्ट आवडली त्यांना गोष्टीनंतर कोडी चांगली सुटली, ज्यांना संगीत आवडले त्यांना संगीतानंतर. मन प्रसन्न झाले की काम थोडे बरे होते, यापलीकडे त्यात काही नव्हते.

बाळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या चित्रफितींची गोष्ट अधिक चिंताजनक आहे. सिअॅटल येथील संशोधकांनी २००७ मध्ये पालकांच्या मुलाखतींवर आधारित एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात आठ ते सोळा महिन्यांची जी मुले अशा चित्रफिती पाहत, त्यांना दिवसाच्या प्रत्येक तासामागे सहा ते आठ शब्द कमी समजत असल्याचे दिसले. चित्रफितींमुळेच शब्द कमी झाले, असे या पाहणीवरून ठामपणे म्हणता येत नाही. तथापि, ज्या वेळात चित्रफीत चालते त्या वेळात घरातले माणूस बाळाशी बोलत नाही, हे उघड आहे. अशा चित्रफितींच्या एका प्रमुख कंपनीने २००९ मध्ये ग्राहकांना पैसे परत देण्याची तयारी दाखवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या आतील मुलाला पडद्यासमोर मुळीच बसवू नये.

मग बाळाला ध्वनिमुद्रित संगीत ऐकवूच नये काय? तसे नाही. घरात भजन चालू असेल, आकाशवाणीवर सकाळचे गायन चालू असेल, तर बाळाने ते ऐकण्यात काहीच गैर नाही. लॉरेल ट्रेनर यांच्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून मात्र फरक कुठे पडतो ते समजते. सहा महिन्यांच्या मुलांचे दोन गट करण्यात आले. एका गटात पालक आणि मुले आठवड्यातून एकदा एकत्र जमून गात, वाद्ये वाजवीत, झुलत. दुसऱ्या गटात मुले खेळत आणि मागे ध्वनिमुद्रित संगीत वाजत राही. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील मुले बोट दाखवणे, निरोपाचा हात हलवणे अशा खुणा अधिक करत होती, हसतही अधिक होती आणि लवकर शांत होत होती. संगीत दोन्हीकडे होते. माणूस एकीकडेच होता.

रडणे आणि शांत होणे

संगीताचा जो लाभ सर्वांत निश्चितपणे सांगता येतो तो प्रत्येक आईला ठाऊक आहे. बाळ गाण्याने शांत होते. माँट्रिऑल येथे मारिएव्ह कॉर्बे, ट्रेहब आणि इसाबेल पेरेट्झ यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वर्षाच्या आतील बाळांना एकटेच बसवून तुर्की भाषेतील ध्वनिमुद्रणे ऐकवली. ती भाषा बाळांनी कधी ऐकली नव्हती. बोलणे ऐकताना, अगदी लाडिक बोलणे ऐकताना, ती सरासरी चार मिनिटांच्या आसपास रडवेली झाली. गाणे ऐकताना नऊ मिनिटे निघाली. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही अपरिचित देशांतील, अपरिचित भाषांतील अंगाई ऐकताना बाळांच्या हृदयाची गती इतर गाण्यांच्या तुलनेत मंदावली. म्हणजे शब्दांचा अर्थ समजावा लागत नाही, ओळखीचा आवाजही लागत नाही. नुसत्या गाण्यात एवढे सामर्थ्य आहे. मग त्यात ओळखीचा आवाज, स्पर्श आणि झुलणे मिसळले की काय होत असेल, याची कल्पना करता येते.

सलग नऊ मिनिटांची शांतता किरकोळ वाटेल ती ज्याच्या घरी तान्हे मूल नाही त्याला. रात्री तिसऱ्यांदा उठलेल्या आईला ती काय वाटते, हे निराळे सांगावयास नको.

अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी तर हा प्रश्न प्रकृतीचा असतो. नवजात अतिदक्षता विभागात यंत्रांचे इशारे, पंप, दारे आणि पावले यांचा सतत गोंगाट असतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्ये या विभागातील आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये अशी शिफारस केली होती. ती पाळणे अनेक रुग्णालयांना कठीण जाते. ज्या काळात मुलाने आईच्या शरीरातील मंद ध्वनी ऐकावयाचे, त्याच काळात त्याच्या कानावर हे सारे आदळते. न्यूयॉर्क येथील जोअॅन लोवी यांच्या नेतृत्वाखाली अकरा रुग्णालयांतील २७२ अकालजात बाळांचा अभ्यास झाला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भाशयातील ध्वनीसारखा सळसळ करणारे वाद्य, हृदयाच्या ठोक्यांसारखा मंद ठेका आणि आईवडिलांनी निवडलेले त्यांच्या घरचे गाणे, असे तीन प्रकार प्रत्यक्ष वाजवून व गाऊन वापरण्यात आले. हृदयाची गती, श्वसन, चोखणे आणि झोप यांवर त्यांचा इष्ट परिणाम आढळला. आईवडिलांच्या मनावरील ताणही कमी झाला. इस्रायलमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळाला उघड्या छातीशी धरण्याच्या कांगारू पद्धतीला आईच्या गाण्याची जोड देण्यात आली. तिथेही बाळाची हृदयगती अधिक स्थिर राहिली आणि आईची चिंता उतरली.

काचेच्या पेटीतील मुलासाठी आपल्याला करण्यासारखे काहीच नाही, ही भावना अशा आईला सर्वाधिक छळते. औषधे डॉक्टर देतात, नळ्या परिचारिका लावतात. गाणे मात्र तिचे असते. अर्थात फार लवकर जन्मलेल्या मुलाला सौम्य आवाजही कधी कधी सोसत नाही. केव्हा गावे आणि केव्हा थांबावे, हे तेथील डॉक्टरांना व परिचारिकांना विचारूनच ठरवले पाहिजे.

जेव्हा बाळ वळून पाहत नाही

घरातील गाण्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि त्याचा उल्लेख अशा लेखनात क्वचितच होतो. रोज गाणाऱ्या माणसाला बाळ ऐकते आहे की नाही, हे लवकर लक्षात येते. जगभर दर हजार जन्मांमागे एक ते तीन मुलांना जन्मतःच श्रवणदोष असतो. तो दिसत नाही. बहिरे मूलही पहिले काही महिने हुंकार देते, हसते, रडते. त्यामुळे घरच्यांची समजूत होते की सर्व ठीक आहे. ‘काही मुले उशिरा बोलतात’ असे वडीलधारी माणसे धीर देतात, आणि दोन-तीन वर्षे निघून जातात. पहिल्या वर्षात कान कसे घडतात हे वर आलेच आहे. त्या काळात जे हुकते ते पुढे भरून काढणे फार कठीण.

म्हणून तज्ज्ञांनी ठरवलेली मुदत अशी आहे. पहिल्या महिन्यात श्रवणाची प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराचा आरंभ. तपासणी झोपलेल्या बाळाची काही मिनिटांत होते आणि तिला वेदना नसतात. भारतात २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने शोधावयाच्या विकारांत जन्मजात बहिरेपणाचा समावेश केलेला आहे. पाठीमागून गायिलेल्या गाण्याने तीन-चार महिन्यांचे बाळ कधीच शांत होत नसेल, सहा महिन्यांनंतर आवाजाकडे मान वळवत नसेल, तर वाट न पाहता त्याला तपासणीसाठी न्यावे. याच्या उलट, बाळ आवाजाला प्रतिसाद देते म्हणून तपासणी टाळणेही बरोबर नाही. कारण काही ध्वनी ऐकू येणारे आणि काही न येणारे कानही असतात.

श्रवणदोष असलेल्या मुलापासून गाणे हिरावले जाते, असे मात्र समजू नये. छातीशी धरलेल्या मुलाला गाणाऱ्याच्या छातीतील कंप जाणवतो, आणि झुलण्यातील लय कानावाचूनही शरीराला कळते. जपानमधील नोबुओ मासाताका यांनी १९९२ मध्ये बहिऱ्या आयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या आया आपल्या बाळांशी खुणांच्या भाषेत बोलताना, मोठ्या माणसांशी बोलताना करतात त्याहून खुणा सावकाश करत, हात अधिक मोठ्या फेऱ्यांत फिरवत आणि तीच खूण पुन्हा पुन्हा करत. बाळे या खुणांकडे अधिक वेळ टक लावून पाहत. पुढे त्यांनी ऐकू येणाऱ्या, खुणांची भाषा आयुष्यात कधीही न पाहिलेल्या सहा महिन्यांच्या बाळांना तीच चित्रणे दाखवली, तेव्हा तीही त्या संथ, झुलत्या हातांकडेच अधिक वेळ पाहत राहिली.